चित्रे टांगावीत कोठे?

नव्या कलेसाठी प्रदर्शनगृह कसे असावे, या प्रश्नी न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाचे उदाहरण उद्बोधक आहे. वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट यांनी तेथे शंखासारखा वळत चढणारा उतार योजला. भिंतीही वक्र व कललेल्या. वास्तू अपूर्व खरी. पण चौकोनी चित्राला सरळ पातळी हवी, म्हणून २१ कलावंतांनी १९५६ सालीच लेखी निषेध केला. तक्रार रास्त होती. १९५९ साली संग्रहालय उघडले तेव्हा संचालक स्वीनी यांना भिंतीतून धातूचे दांडे काढून त्यांवर चित्रे अधांतरी बसवावी लागली. १९९२ साली शेजारी सपाट भिंतींची दालने आली. गंमत अशी की, २०११ साली कातेलान या कलावंताने मधल्या पोकळीतच आपल्या शंभराहून अधिक कलाकृती लोंबकळत ठेवल्या. त्यांना भिंत नकोच होती.