जुना फ्लॅट, थकलेले गुडघे आणि तुमचा पहिला धंदा

मागच्या महिन्यात दुकानात एक आजोबा आले. म्हणाले, "टॉवेलचा दांडा द्या, पण मजबूत." टॉवेलला मजबूत दांडा कशाला? विचारलं तेव्हा कळलं, संडासातून उठताना धरायला हवा होता. मी तो दांडा विकला नाही. अंगाचा भार पडला की तो स्क्रूसकट हातात येतो. त्या दिवशी मी माप घ्यायला त्यांच्या घरी गेलो.

आपल्या महाड-पोलादपुरात असे किती जण आहेत बघा. मुलं मुंबई-पुण्याला, आईवडील इथे बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये. तळमजल्यावर राहायला जा, हे सांगणं सोपं आहे. पण जुलै २०२१ चा पूर ज्याने पाहिलाय, त्याला विचारा. वर राहावं तर गुडघे, खाली राहावं तर सावित्री! महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी लिफ्ट, रॅम्प, ९०० मिलिमीटरचे दरवाजे असे नियम केले, पण ते नव्या प्रकल्पांना. जुन्या फ्लॅटचं काम तुमच्या-माझ्यासारख्यालाच करायचंय.

सुरुवात बाथरूमपासून करा, कारण घसरायची भीती तिथेच जास्त. आधार-दांडा पोकळ ब्लॉकच्या भिंतीत साध्या प्लास्टिक गिट्टीवर बसवू नका. मी एकदा बसवला होता, आठ दिवसांत हलायला लागला. नशीब, कोणी पडलं नाही. आता बसवल्यावर आधी मी स्वतः त्याला लोंबकळून बघतो. दांड्याची जागा मुलाला फोनवर विचारून ठरवू नका; आजींना कमोडवर बसवा आणि उठताना हात आपोआप कुठे जातो ते बघा. दरवाजा बाहेर उघडणारा करा. आत उघडत असेल आणि माणूस दाराशीच पडला, तर बाहेरच्याला दार ढकलता येत नाही.

रॅम्पचं गणित एकास बाराचं. सहा इंचाच्या पायरीला सहा फूट लांबी लागते. पॅसेजमध्ये तेवढी जागा नसेल तर उभा चढ करून देऊ नका. दोन्ही बाजूंना कठडा द्या. तळमजल्याचं काम असेल तर प्लायवूड टाळा आणि प्लग पॉइंट वर घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. २४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली, १६ माणसं गेली. तेव्हापासून मी कॉलम, बीम, स्लॅबला छिन्नी लावत नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "ही भिंत काढून बाथरूम मोठं करा," तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी आणि सोसायटीची परवानगी मागा. नाही मिळाली तर काम सोडा. मी दोन सोडलीत, मोठी होती.

पैशाचं म्हणाल तर माल आणि मजुरी वेगळी लिहा. पैसे मुलगा पाठवतो, घरात राहतात आईवडील. म्हणून कामाआधीचे-नंतरचे फोटो दोघांनाही व्हॉट्सॲप करा. अर्धी रक्कम आगाऊ घ्या, ओळखीचा असला तरी. पोलादपूरची दोन-तीन कामं एकाच दिवशी लावा, नाहीतर नफा पेट्रोलमध्ये जातो.

त्या आजोबांकडे शेवटी दोन दांडे लागले, एक कमोडजवळ आणि एक नळाजवळ. त्यांच्याच मजल्यावरच्या काकूंचं माप उद्या घ्यायचंय.