वळवणचा महसीर आणि येरळेचं पाणी

वडूजच्या बाजारात मासे घ्यायला गेलं की कटला, रोहू, मृगळ आणि सायप्रिनस हेच दिसतात. कुणी येरळवाडीच्या तलावातले आणलेले असतात, कुणी शेततळ्यातले. रोहू-मृगळ मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, सायप्रिनस तर परदेशातून आलेला. आपली येरळा खटावातून सांगली जिल्ह्यात उतरते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. त्या कृष्णेच्या खोऱ्याचा खरा मानाचा मासा मात्र महसीर. मोठ्या खवल्यांचा, निळसर परांचा, गळाला लागला की दोर ताणून धरणारा. गळाने मासेमारी करणारे हौशी लोक देशोदेशींहून ज्याच्यासाठी येतात, तो हा मासा. त्याची दख्खनी जात, टॉर खुद्री, कर्नल साइक्सने 1839 मध्ये मुळा-मुठेतल्या माशांवरून जगापुढे मांडली.

या माशाला हाताने जन्माला घालण्याची विद्या जिथे विकसित झाली, ते ठिकाण लोणावळ्याजवळचं वळवण. टाटांनी खोपोलीच्या वीजघरासाठी घाटमाथ्यावर तलाव बांधले, त्यातला हा एक. त्याच्या काठी 1970 च्या दशकात महसीरचं बीजकेंद्र उभं राहिलं. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्यात काम केलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि टाटांचे एस. एन. ओगले ही यामागची दोन मोठी नावं. वीज कंपनीने मासा वाढवावा, यासाठी कुणाची सक्ती नव्हती. म्हणून या कामाचं मोल मला जास्त वाटतं.

पावसाळ्यात पाणी चढलं की पिकलेली मादी आणि नर पकडतात. मादीच्या पोटावरून हलकेच बोट फिरवलं की लिंबाच्या रंगाची, ज्वारीच्या दाण्याच्या जवळपास जाणारी अंडी कोरड्या भांड्यात उतरतात. त्यावर नराचं वीर्य, मग पाणी. फळलेली अंडी जाळीच्या तळाच्या ट्रेमध्ये एकेरी थरात पसरायची आणि वरून सतत वाहतं, स्वच्छ पाणी ठेवायचं. कटला-रोहूचं अंडं एका दिवसाच्या आत फुटतं, महसीरला तीन-चार दिवस लागतात. पिल्लं बाहेर आली तरी पोहत नाहीत. ट्रेच्या कोपऱ्यात डोकी खुपसून, एकमेकांवर पडून राहतात. या काळात पाणी थांबलं किंवा गढूळ झालं तर सगळी मेहनत वाया. शिवाय मादी अंडी देते तीही कटला-रोहूच्या मानाने थोडी. नदीत धरण, वाळूउपसा आणि सुरुंगाची मासेमारी सुरू झाल्यावर महसीर का मागे पडला, याचं उत्तर या ट्रेमध्येच दिसतं.

महसीर सावकाश वाढतो. कटला तळ्यात नीट खाद्य मिळालं तर वर्षात किलोभर होतो, महसीरला तिथे पोहोचायला वर्षं लागतात. साहजिकच वाढ वेगवान करण्यासाठी संकराचा विचार आला. हिमालयातला सोनेरी महसीर लोणावळ्यात आणला गेला, खुद्रीचा वेगवेगळ्या महसीर जातींशी संकर करून पाहिला गेला. माशांत हे सोपं असतं, कारण अंडं आणि वीर्य शरीराबाहेर एकत्र येतात. त्यातून महसीर जातींत गुणसूत्रांची संख्या सारखीच, शंभर. कटला आणि रोहूचीही सारखी, पन्नास.

कटला-रोहूचा संकर तर मत्स्यशेतीत जुनाच. 10 जुलै 1957 ला ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्पचं प्रजनन साधलं आणि पाठोपाठ संकराचे प्रयोग सुरू झाले. या संकरित माशाचं डोकं रोहूसारखं लहान, अंग कटल्यासारखं रुंद. म्हणजे ताटात मांस जास्त. शेततळ्यापुरतं बघितलं तर यात गैर काही नाही.

अडचण पुढच्या पिढीत येते. हा संकर खेचरासारखा वांझ नसतो, त्याचीही वीण होते. पहिल्या पिढीचा जोम दुसरीत टिकत नाही, गुण विखुरतात. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या. संकराचं तोंड आणि कल्ल्यांची चाळण दोघांच्या मधली, त्यामुळे तो दोघांच्याही घासात वाटेकरी होतो. बीजकेंद्रात दोन जाती एकाच हौदात विणीला सोडल्या, की न ठरवता संकर होतो आणि शेतकऱ्याला रोहू म्हणून भलतंच बीज मिळतं. नुसती वाढच हवी असेल तर निवड पद्धत अधिक भरवशाची. भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेने नॉर्वेच्या मदतीने घडवलेला ‘जयंती रोहू’ शुद्ध रोहूच आहे. पिढ्यान्‌पिढ्या चांगले मासे निवडून तो वाढवला.

महसीरच्या बाबतीत तर धडा कावेरीतून मिळाला. तिथल्या कुबडाच्या महसीरची जगभर ख्याती होती. 1946 मध्ये कावेरीला मिळणाऱ्या काबिनी नदीत 120 पौंडांचा महसीर गळाला लागला, तो विक्रम आजही सांगितला जातो. त्या खोऱ्यात लोणावळ्याच्या खुद्रीचं बीज सोडण्यात आलं. हेतू संवर्धनाचाच होता. पुढे गळवाल्यांच्याच नोंदवह्या तपासल्या, तेव्हा माशांची संख्या वाढलेली पण सरासरी वजन घटलेलं दिसलं. निळ्या परांचा खुद्री वाढला आणि कुबडाचा हरवत गेला. 2018 मध्ये त्या कुबडाच्या माशाची शास्त्रीय ओळख टॉर रेमादेवी म्हणून पक्की झाली आणि तो नष्ट होण्याच्या काठावरच्या यादीत गेला. इथे संकर करण्याचीही गरज पडली नाही. परक्या खोऱ्यात पोहोचणं पुरेसं ठरलं.

म्हणून वळवणच्या कामाचं खरं यश मला संकरात दिसत नाही. ते आहे शुद्ध खुद्रीच्या त्या ट्रेमध्ये. खुद्री एकेकाळी संकटग्रस्त यादीत होता, अलीकडे त्या यादीतून बाहेर पडला. लोणावळ्याकडची इंद्रायणी भीमेतून कृष्णेला मिळते, येरळा थेट कृष्णेला. खोरं एकच आहे. कृष्णेच्या खोऱ्यात महसीर पुन्हा सोडायचा झाला तर तो याच खोऱ्यातला आणि बिनसंकराचा असावा.

आपल्या तालुक्यात शेततळी झाली आहेत, बोटुकली आणणारेही खूप आहेत. त्यांना एवढीच विनंती: बीज घेताना जात आणि बीजकेंद्र विचारून घ्या, सांडव्याला बारीक जाळी लावा आणि उरलेली बोटुकली येरळेत सोडू नका.