शहात्तर दिवस माशांविना

धारवाड समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, आणि हुबळीहून कारवारचा किनारा दीडशे किलोमीटरपेक्षा लांब. इथे घरी गोड्या पाण्यातले मासे पाळणारे पुष्कळ भेटतात, खाऱ्या पाण्याचा फिशटँक मात्र क्वचितच दिसतो. आमच्या दिवाणखान्यात तो २०२५ च्या जानेवारीपासून आहे. पहिल्या सहा महिन्यांतच रोग आणि शैवाल ही दोन्ही संकटं त्याच्यावर येऊन गेली. मंडळातल्या काही तरुण मित्रमैत्रिणींना आणि त्यांच्या मुलांना या छंदाविषयी उत्सुकता आहे. त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहितो आहे.

आधी कायद्याचं बोलू. इंटरनेटवर रंगीत प्रवाळांनी भरलेले परदेशी टँक पाहून मुलं हरखून जातात. आपल्याकडे खडक बांधणारे प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे हे सगळे २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वाघाच्या बरोबरीनं संरक्षित आहेत. ते घरी ठेवणं हा गुन्हा आहे, आणि समुद्रातून उचलून आणलेला मेलेला प्रवाळखडकही नको. म्हणून आमच्या टँकमध्ये भट्टीत भाजलेले, सच्छिद्र, माणसानं बनवलेले दगड आहेत आणि मासे हॅचरीत जन्मलेले आहेत. क्लाउनफिशची, म्हणजे मुलांच्या ‘निमो’ची, पैदास आपल्या देशातच होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्याचं तंत्र बसवलं आहे.

पाणी आधी, मासे नंतर

टँक तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि तेवढाच उंच आहे. त्यात साधारण १८० लिटर पाणी मावतं. लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबानं सहा किलोच्या वर समुद्री मीठ विरघळवलं. मग दीड महिना आत एकही मासा नव्हता. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो आणि तो माशांना विषारी असतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे जिवाणू दगडांच्या छिद्रांत वसायला चार-सहा आठवडे लागतात. तोवर आम्ही थेंबाथेंबानं अमोनिया घालून त्यांना पोसत होतो. आई रोज विचारायची, “अरे, नुसत्या पाण्याला दिवा कशाला लावून ठेवलास?”

मार्चमध्ये चार मासे आले: दोन क्लाउनफिश, पिवळ्या शेपटीचा एक डॅमसेल आणि लांब तुऱ्याचा एक फायरफिश. मोठ्या टँकमध्ये सोडण्याआधी ते चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये होते आणि ठणठणीत होते. काच चाटून साफ ठेवण्यासाठी मार्चअखेर चार गोगलगाई आल्या, सोबत एक कोळंबीही.

मिठाच्या कणांएवढे ठिपके

एप्रिलच्या मध्यावर फायरफिशच्या परांवर मिठाचे कण सांडावेत तसे ठिपके दिसले. तो दगडाला अंग घासत होता, त्याचे कल्ले भराभर हलत होते. दोन दिवसांत चौघांवर ठिपके आले. १८ तारखेला फायरफिश गेला. सात वर्षांच्या लेकीनं त्याला अंगणातल्या कढीपत्त्याखाली पुरलं आणि विचारलं, “बाबा, बाकीचे बरे होतील ना?”

हा समुद्री माशांचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. तो करणारा जीव एकपेशीय आहे, त्याचं शास्त्रीय नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. त्याचा आयुष्यक्रम समजला की उपाय आपोआप समजतो. तो माशाच्या कातडीखाली शिरून तीन ते सात दिवस पोसतो. ठिपका म्हणजे तोच. मग तो गळून पडतो आणि वाळूला, दगडाला, शंखाला चिकटून स्वतःभोवती कोष करतो. कोषात एकाचे शेकडो होतात. कोष फुटायला तीन दिवसही लागतात किंवा चार आठवडे, आणि काही कोष त्याहूनही बराच काळ तग धरतात. बाहेर पडलेल्या पिल्लांना मात्र दोनेक दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात.

यावरून दोन गोष्टी उलगडल्या. एक, ठिपके चार-पाच दिवसांत नाहीसे झाले म्हणजे मासा बरा झाला असं नसतं. परजीवी फक्त मुक्काम बदलतो आणि पुढच्या खेपेला कित्येक पटींनी परततो. दोन, रोग गोगलगाईच्या शंखावरूनही येऊ शकतो. आमच्याकडे सगळ्यात शेवटी आलेल्या त्याच होत्या.

औषध म्हणून तांबं वापरतात. पण ते पाण्यात मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लांनाच मारतं, कातडीखालच्या किंवा कोषातल्या परजीवीला नाही. शिवाय तांब्यानं कोळंबी आणि गोगलगाई मरतात, त्यामुळे ते मोठ्या टँकमध्ये घालायची सोय नव्हती. मी दुसरा मार्ग घेतला. गळून पडलेला परजीवी तीन दिवसांच्या आत पुन्हा हल्ला करू शकत नाही. म्हणून मासे दर तिसऱ्या दिवशी पूर्ण नव्या पाण्याच्या, कोरड्या करून घेतलेल्या टबात हलवायचे. जुन्या टबात पडलेले कोष टबाबरोबर उन्हात वाळतात.

रविवारी, २० एप्रिलला, सुरुवात केली. आईचे पापड-कुरडयांचे दोन मोठे टब कामाला आले. त्या वर्षी कुरडया उशिरा झाल्या आणि त्यावरून मी अजून ऐकतो. दुसऱ्या दिवशी डॅमसेलही गेला. त्या रात्री आई गंभीरपणे म्हणाली, “मुक्या जिवांना समुद्रापासून इतकं लांब आणायचं आणि त्यांचे हे हाल. बंद कर हे सगळं.”

तिचं म्हणणं टाळण्यासारखं नव्हतं. बायको आणि मी उशिरापर्यंत बोलत बसलो. पण बंद करायचं म्हणजे उरलेल्या दोन माशांचं काय? हॅचरीत जन्मलेले, रोगट मासे कारवारच्या समुद्रात सोडणं म्हणजे तिथल्या माशांना रोग देणं. त्यांना जायला दुसरी जागा नव्हती. ठरलं की हे दोघं जगले तर टँक चालू ठेवायचा, पण घाई कशाचीच करायची नाही.

२३, २६, २९ एप्रिल आणि २ मे. चार वेळा टब बदलले, एकदा ऑफिसचा कॉल म्यूट करून. शेवटच्या बदलानंतर दोन्ही क्लाउनफिशवर एकही ठिपका नव्हता. ते आतल्या खोलीतल्या साध्या, वाळू नसलेल्या टँकमध्ये गेले. आता मोठा टँक माशांविना ठेवायचा होता, म्हणजे आतल्या प्रत्येक कोषातली पिल्लं उपाशी मरतील. यासाठी हा छंद जोपासणारे जगभर ७६ दिवस धरतात. लेकीनं भिंतीवरच्या कालनिर्णयवर २० एप्रिलपासून ७६ चौकटी मोजल्या. शेवटची आली ५ जुलै, आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी.

रिकाम्या टँकमध्ये हिरवळ

मासे नसले तरी कोळंबी, गोगलगाई आणि जिवाणू आत होते. त्यांच्यासाठी आठवड्यातून दोनदा चिमूटभर खाद्य पडत होतं. उन्हाळ्यात टँकमधलं पाणी झपाट्यानं उडून जातं आणि मीठ मागे राहतं, म्हणून रोज गोड्या पाण्याची भर घालावी लागते. मेमध्ये नळाचं पाणी आणखी लांबलं आणि इमारतीच्या टाकीत बोअरचं पाणी यायला लागलं. विरघळलेल्या क्षारांचं मीटर २०० वरून थेट ९०० च्या घरात गेलं. आरओपुढच्या ज्या रेझिननं फेब्रुवारीपासून साथ दिली होती, ते आता पंधरवड्यात संपलं. रेझिन संपत आलं की आधी सिलिकेट सुटतं.

पंधरा दिवसांत वाळूवर तपकिरी साय आली. हे डायटम. त्यांचं कवच सिलिकाचं असतं, म्हणून सिलिकेट त्यांना पर्वणीच. जूनमध्ये दगडांवर बोटभर लांब हिरवे केस वाढले. चाचणी केली: फॉस्फेट लिटरला ०.२५ मिलिग्रॅम, नायट्रेट ४०.

हेच दृश्य आपण सगळ्यांनी मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. हुबळी-धारवाड रस्त्यावरच्या उणकल तलावात जलपर्णी माजते ती याच कारणानं. सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस येतात, आणि वरची पानं कितीही काढली तरी खत येत राहतं तोवर ती पुन्हा उगवतात.

शैवाल मारायची बाटली मिळते. ती घातली नाही, कारण मेलेलं शैवाल तिथेच कुजून पुन्हा खत होतं. रेझिन बदललं, एकामागे एक अशा दोन नळकांड्या लावल्या आणि मीटर शून्य दाखवेल तेव्हाच पाणी घ्यायचं ठरवलं. दिवा दहा तासांवरून सहा तासांवर आणला. दर रविवारी जुन्या टूथब्रशनं शैवाल खरवडून नळीनं ओढून काढलं आणि पाण्याचा दहावा हिस्सा बदलला. एका बाजूच्या कप्प्यात कीटोमॉर्फा नावाचं, तारेच्या घासणीसारखं दिसणारं समुद्री शैवाल मुद्दाम वाढवलं. ते नायट्रेट आणि फॉस्फेट शोषतं, वाढलं की मूठभर काढून टाकायचं. खताची वाट अशी बाहेर काढली.

दोन्ही आकडे शून्यावर मात्र नेले नाहीत. पाण्यात पोषण अजिबात उरलं नाही तर डायनोफ्लॅजेलेट नावाचे चिकट, कधी विषारी जीव मोकळं मैदान बघून पसरतात. जुलैच्या सुरुवातीला नायट्रेट १० वर आणि फॉस्फेट ०.०५ वर स्थिरावलं. हिरवे केस विरळ झाले आणि उरलेले गोगलगाईंनी संपवले.

शेजारचे कन्नड काका या काळात अधूनमधून डोकावायचे, रिकाम्या टँककडे पाहायचे आणि म्हणायचे, “निधान माड्री.” सावकाश करा. त्यांच्याकडे मासे नाहीत, पण सल्ला नेमका होता.

५ जुलैनंतर

त्या शनिवारी संध्याकाळी दिवे मंद करून दोन्ही क्लाउनफिश मोठ्या टँकमध्ये सोडले. पहिला आठवडा रोज बॅटरी घेऊन आम्ही त्यांचे पर तपासत होतो. ठिपका दिसला नाही. दिवाळीपर्यंतही दिसला नाही. आता आईच सकाळी त्यांना खाद्य घालते, आणि मी एक दाणा जास्त टाकला तर मलाच दटावते.

कुणाला हा छंद सुरू करायचा असेल तर काही गोष्टी आधीच जवळ ठेवा: एक रिकामा छोटा टँक, दोन टब, क्षार मोजायचं मीटर आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. वळवाच्या पावसात वीज गेली की पंपावाचून पाण्यातला प्राणवायू कमी होतो. मासा असो वा गोगलगाय, नवा जीव आधी वेगळा राहू द्या. माशांना चार आठवडे पुरतात. गोगलगाय आणि कोळंबी मात्र मासे नसलेल्या टँकमध्ये ते ७६ दिवस काढू देत. खर्चाचा अंदाज घेताना एप्रिल-मेमधल्या गारव्याचाही हिशेब करा. पाणी २६ अंशांच्या आसपास राहायला हवं.

आणि मुलांना खरे प्रवाळ पाहायचे असतील तर मालवणला जा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातलं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. तिथे पाण्यात उतरून प्रवाळ पाहता येतात, फक्त हात लावायचा नाही आणि त्यांच्यावर पाय ठेवायचा नाही. आमची लेक डिसेंबरच्या सुट्टीत जाऊन आली. परत आल्यावर तिनं आपल्या टँकमधल्या दगडावर तिळाएवढे गुलाबी डाग शोधून काढले. दगडावर खडूसारखा पातळ थर धरणारं ते चुनखडी शैवाल आहे, बहुधा गोगलगाईंच्या शंखांवरूनच आलेलं. टँक स्थिरावल्याची ती चांगली खूण मानतात. आता दर महिन्याला ती पट्टीनं ते डाग मोजते आणि कालनिर्णयच्या चौकटीत आकडा लिहिते.