अर्ध्या कोयत्याचे नाव काय?

दसरा सरला की बीड जिल्ह्यातील गावे रिकामी होऊ लागतात. भांडीकुंडी, पीठमीठ आणि लहान लेकरे ट्रॅक्टरवर चढतात आणि बिऱ्हाड पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघते. मागे उरतात म्हातारी माणसे. मार्च-एप्रिलपर्यंत ऊसतोडीचा हंगाम चालतो.

या कामात नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. मुकादम कोयत्यामागे उचल देतो. ती घेतो नवरा, फेडतात मात्र दोघे. पहाटे उठून तिने भाकरी थापायच्या, फडात पाचट काढायचे, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचे आणि कोपीवर परतून पुन्हा चूल पेटवायची. पैसे टनावर, तेही जोडप्याचे. त्यात आपले किती, हे तिलाही सांगता येत नाही. विधवा किंवा नवऱ्याने टाकलेली बाई एकटी आली तर ती 'अर्धा कोयता'. तिला टोळीत घ्यायला मुकादम कांकू करतो.

हिशेब लिहिणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ज्याचे नाव खातेवहीत नाही, त्याचे येणे कधी निघत नाही. आणि हे येणे केवळ पैशाचे नसते. 26 जानेवारीची ग्रामसभा तिच्याविना होते. बचत गटाची बैठक चुकते. जिथे ती ऊस तोडते, तिथे ती परकी. तिथल्या अंगणवाडीच्या पटावर तिचे लेकरू नसते. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळायला कोपीवर बसते आणि तिची शाळा सुटते. मग लवकर लग्न, कारण कोयता जोडीचाच लागतो!

शरीराचा हिशेब तर याहून भयंकर आहे. एक दिवस खाडा झाला की दंड. म्हणून पाळीतले दुखणेही अंगावर काढायचे. 2019 साली शासनाच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची पाहणी आली. 82,309 महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली होती. म्हणजे सहा जणींमागे एक!

1928 साली डॉ. बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. 1929 साली तो कायदा झाला. तो कारखान्यातील स्त्रियांसाठी होता. आज ऊस कारखान्यातच जातो, पण तो तोडणारी बाई कारखान्याच्या हजेरीपटावर नाही.

भगिनींनो, बिऱ्हाड हलण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र नवऱ्याबरोबर स्वतःच्याही नावे मागावे. शिधापत्रिकेचा क्रमांक लिहून जवळ ठेवावा. पत्रिका आधारशी जोडलेली असेल तर दुसऱ्या गावच्या रास्त भाव दुकानातही धान्य मिळते. मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहाची चौकशी करावी. बँकेत स्वतःचे खाते उघडावे. आणि गावात राहणाऱ्या शिकलेल्या तरुणांनी हे अर्ज भरून द्यावेत. एवढी समाजसेवा एका रविवारात होते.

उचलीच्या कागदावर दोन नावे यावीत, हीच आपली पहिली मागणी असली पाहिजे. बाई अर्धा कोयता नाही. ती पूर्ण माणूस आहे, पूर्ण नागरिक आहे.