गोदामाचा फोटो काढण्याआधी

भिवंडीजवळच्या पूर्णा, राहनाळ, काल्हेर या पट्ट्यात गोदामांच्या रांगाच रांगा आहेत. अशा इमारतीचे बाहेरून छायाचित्रण करायचे, तर आधीची पाहणीच निम्मे काम करते. सर्वप्रथम दर्शनी भिंतीची दिशा पाहावी. पूर्णा सुमारे 19.3 अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे राहतो, त्यामुळे उत्तराभिमुख भिंतीवर ऊन पडतच नाही. जूनमध्ये तो भरदुपारीही किंचित उत्तरेला असतो, पण तेव्हा आभाळ भरून येते. अशा भिंतीसाठी मेअखेरची सकाळच खरी. पन्हळी पत्रा दुपारी नुसता चकाकतो. तिरप्या उन्हात मात्र त्याच्या प्रत्येक पन्हळीची सावली उठून दिसते.

कॅमेरा वर झुकवला की उभ्या रेषा आत कलतात. म्हणून मागे सरकायला जागा किंवा समोरची गच्ची मिळते का, ते पाहावे. नाहीतर टिल्ट-शिफ्ट लेन्स लागते. गोदामाच्या शटरपुढचे ट्रेलर कधी हलतात, हे वॉचमनलाच विचारावे. ते कुठल्याच अ‍ॅपवर कळत नाही. ड्रोन उडवायचा असेल, तर ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर त्या जागेचा झोन आधी तपासावा.