कामशेत: दोन्हीकडे तोंड असलेलं गाव

गाव उपनगर कधी होतं, याचं सरकारी उत्तर सोपं आहे: महापालिकेची हद्द वाढल्याची अधिसूचना निघाली की. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका आली आणि १९९७ मध्ये आणखी १८ गावं तिच्या हद्दीत गेली. प्रत्यक्षात या अधिसूचना शेवटी आल्या. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्येच उभा राहिला होता, साठच्या दशकात एमआयडीसीने जमिनी घेतल्या, आणि त्या जमिनी कसणारी घरं तेव्हापासूनच कारखान्याच्या पाळ्यांवर दिवस मोजू लागली. पुणे-लोणावळा लोहमार्गावरच्या कामशेतकडेही याच नजरेने पाहायला हवं. ते अजून महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे, कारभार खडकाळे ग्रामपंचायतीकडे आहे, तरी शहराशी त्याचं नातं केव्हाच बदललं आहे. माझं म्हणणं असं की कामशेतचं भवितव्य हद्दीत जाण्या-न जाण्यावर ठरणार नाही. पाठीमागच्या मावळातल्या डोंगरी गावांशी त्याचा व्यवहार टिकतो की तुटतो, यावर ते ठरेल.

हा व्यवहार रेल्वेने वाढवला, हे आज विसरायला होतं. खंडाळा ते पुणे लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला, १८६३ मध्ये बोरघाट पार होऊन मुंबईशी सलग जोड मिळाली. कामशेतचं महत्त्व त्याच्या जागेत आहे. उत्तरेकडून नाणे मावळाचा रस्ता इथे उतरतो, दक्षिणेकडून पवनानगरचा, आणि दोन्ही खोऱ्यांना लोहमार्ग व मुंबई-पुणे महामार्ग इथेच भेटतात. डोंगरातल्या गावांचं बियाणं-खत, किराणा, दवाखाना, शाळा-कॉलेज आणि गाडी पकडणं, सगळं कामशेतला. भात तर या भागाचा कणाच. ज्या इंद्रायणी तांदळाने मावळाचं नाव घरोघरी नेलं, तो वाण १९८७ मध्ये इथून जवळच वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आला. म्हणजे कामशेत मोठं झालं ते पुण्यामुळे जितकं, तितकंच मागच्या वाड्यावस्त्यांमुळे.

१९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली आणि गावाचं तोंड हळूहळू दुसरीकडे वळलं. आधी माल शहरात जात होता, आता माणसं रोज जाऊ लागली. चिंचवड-आकुर्डीच्या कारखान्यांत कामाला जाऊन मुक्कामाला घरी येणं शक्य झालं. हा बदल मी वाईट मानत नाही. कोरडवाहू, एकपिकी शेतीवर ज्यांचं घर चालत नव्हतं, त्यांना लोकलच्या पासाने मान वर करून जगता आलं. पुढे २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, आणि त्याने कामशेतला फारसं काही दिलं नाही. कामशेतच्या बोगद्यांतून गाड्या जातात, त्या बाजारपेठेत थांबत नाहीत. सर्वसाधारण माणसासाठी जुना रस्ता आणि लोकल हेच राहिले, आणि दुपारच्या लोकलसाठी प्रवासी वर्षानुवर्षं मागणी करत राहिले.

पण शहराने मावळाकडून सगळ्यात मोठं जे घेतलं ते पाणी. पवना धरणासाठी जमिनी गेलेल्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळला, आणि तेच पाणी बंद जलवाहिनीने थेट पिंपरी-चिंचवडमधल्या निगडीला नेण्याची योजना आली. नदीतून वाहत गेलेलं पाणी वाटेतल्या विहिरींना आणि शेतांना पाझरतं, नळातून गेलेलं पाझरत नाही. शेतकऱ्यांचा विरोध इतका सरळ होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलकांवर गोळीबार झाला आणि तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. महापालिकेची हद्द तिथून कितीतरी दूर होती. शहराची तहान मात्र तिथे पोहोचली होती. उपनगर होणं म्हणजे काय, हे मला कुठल्याही नकाशापेक्षा या घटनेतून जास्त स्पष्ट दिसतं: निर्णय एकीकडे, त्याची किंमत दुसरीकडे.

यावर कोणी म्हणेल, मग हद्दीत जाणंच बरं. निदान महापालिकेत मतदानाचा हक्क, नळ, गटारं, दिवे तरी मिळतील. मुद्दा खरा आहे. वाढलेल्या वस्तीचं सांडपाणी आणि कचरा पेलण्याची ग्रामपंचायतीची ताकद नसते, आणि ते सांडपाणी शेवटी इंद्रायणीतच जातं. पण हद्द आणि सोयी एकत्र येतातच असं नाही. आयर्लंडमधलं टाला हे डब्लिनच्या नैर्ऋत्येचं छोटं खेडं. १९६७ च्या मायल्स राइट यांच्या अहवालाने तिथे नवं शहर वसवायचं सुचवलं. सत्तरच्या दशकात घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. मोठं बाजार-संकुल १९९० मध्ये आलं, रुग्णालय १९९८ मध्ये, ट्राम २००४ मध्ये. तिथे नियोजन होतं, तरी मधली एक अख्खी पिढी सोयींविना वाढली. कामशेतची घरं तर आराखड्याचीही वाट पाहत नाहीत. २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) स्थापन झालं, २०२१ मध्ये प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला आणि तो वादात अडकला. तोवर भातखाचरं गुंठ्यांनी विकली जात राहिली.

दुसरा आक्षेप जमिनीच्या भावाचा. विकणाऱ्याला पैसा मिळाला, पक्कं घर झालं, मुलं शिकली, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र एकदा विकलेलं खाचर परत येत नाही, आणि जो विकतो तो गिऱ्हाईक म्हणूनही बाजारातून उठतो. पवना काठावरच्या फार्महाउसचा मालक किराणा पुण्याहून गाडीत भरून आणतो. करंजगावचा किंवा नाणे गावचा शेतकरी खत कामशेतलाच घेतो. त्यामुळे कामशेतला नगरपंचायत द्यावी की महापालिकेत घ्यावं, ही चर्चा मला अर्धवट वाटते. नाणे आणि पवन मावळाच्या आतल्या गावांना वेळेवर एसटी, कामशेतला सर्व वेळ चालणारं चांगलं सरकारी रुग्णालय, भाताला खरेदीची हमी आणि धरणाच्या पाण्यात काठच्या शेताचा ठरलेला वाटा, या गोष्टी आधी झाल्या, तर हद्दीची रेषा कुठेही ओढली तरी बाजारपेठ उभी राहील. त्या नंतरसाठी ठेवल्या, तर टालासारखी वीस-तीस वर्षं वाट पाहण्याची मुभाही मावळाला नाही, कारण तोवर ज्यांच्यासाठी बाजार भरत होता तेच तिथे नसतील.