जुन्या कॅमेऱ्यातील प्रकाशमापक

दसऱ्यात म्हैसूरच्या राजवाड्यावर रात्री सुमारे एक लाख दिवे उजळतात. ते दृश्य फिल्मवर टिपायचे, तर कॅमेऱ्याचा प्रकाशमापक विश्वासार्ह हवा. १९६० नंतरच्या अनेक कॅमेऱ्यांत मापकासाठी कॅडमियम सल्फाइड वापरीत. प्रकाश वाढला की या पदार्थाचा विद्युत्‌रोध घटतो, प्रवाह वाढतो आणि काटा सरकतो. ही मोजणी पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या बॅटरीवर बेतलेली असे. पारा विषारी असल्यामुळे त्या बॅटऱ्या आता बनत नाहीत. त्याच आकाराची अल्कलाइन बॅटरी १.५ व्होल्ट देते. त्यामुळे पुष्कळ मापक प्रकाश आहे त्यापेक्षा अधिक दाखवतात आणि चित्र काळवंडते.

यावर उपाय आहे. सिल्व्हर ऑक्साइडच्या बॅटरीचा १.५५ व्होल्टचा दाब बराच काळ स्थिर राहतो. तिच्या मार्गात सुमारे ०.२ व्होल्ट उतरवणारा डायोड डाख देऊन जोडला, की मापक पूर्ववत चालतो. मात्र त्याआधी बॅटरीचा कप्पा तपासावा. गळलेल्या अल्कलाइन बॅटरीचा पांढरा क्षार पत्र्यावर साचला असल्यास तो व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने पुसून पत्रा कोरडा करावा. अन्यथा नवी बॅटरीही व्यर्थ ठरते.

उदकमंडलमचा हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कारखाना बंद पडला आहे. फिल्म महाग झाल्यामुळे आज या लहानशा दुरुस्तीचे मोल अधिकच वाढले आहे.